काडतूस, दारू आणि रायफलची नळी: ११०० गोळ्यांत घसा बसला, दोष कुणाचा?

मुक्काम_ऑस्टिन
मंडळी, प्रश्न जरा आडवाटेचा आहे. पण इथे फौजी, ऑर्डनन्सवाले, नेमबाज असे सगळेच येऊन-जाऊन असतात म्हणून विचारतो.

मी मूळचा मिरजेचा, गेली चौदा वर्षं टेक्सासात. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाकडून २४३ विंचेस्टर या काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेतली. "फार वापरलेली नाही," असं तो म्हणाला, आणि जुनी स्कूटर घेताना आपण ठेवतो तितका विश्वास मी ठेवला. वहीत माझ्या स्वतःच्या ११०० गोळ्यांची नोंद आहे. सुरुवातीला १०० यार्डांवरच्या तीन गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या, आता तळहात लागतो. वेगही पडलाय. तीच दारू, तेवढीच, तीच गोळी, पण क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) सेकंदाला साठएक फूट कमी दाखवतो. इथला बंदूक दुरुस्तीवाला टॉर्च लावून आत बघून म्हणाला, बॅरल संपली.

मित्राची ३०८ आहे. ४००० च्या वर गोळ्या झाल्यात, नळी ठणठणीत. आणि गंमत म्हणजे दोन्हींची पितळी पुंगळी मुळात एकच. ३०८ चं तोंड आवळून २४३ केलेलं आहे (३०८ आलं १९५२ ला, २४३ आलं १९५५ ला). मी काडतुसं घरीच भरतो, इथे त्याला कायद्याची आडकाठी नाही. आणि कबूल करतो, वेगाच्या नादात दारू पुस्तकातल्या वरच्या आकड्याला टेकवून भरतो.

दोष काडतुसाचा, दारूचा की माझा?

चहाबाज
शीर्षक वाचून गटारीचा धागा समजून आलो होतो. दारूने घसा बसला, यात नवीन काय?

शंकासूर
बेसिक प्रश्न. गोळीवर तांब्याचं आवरण, नळी पोलादाची. तांबं पोलादाला झिजवेल कसं? दोरीने विहिरीच्या दगडाला खाच पडते तसं काही आहे का?

धातुवेडा
@शंकासूर, दोरी-दगडाचं उदाहरण शाळेत ठीक होतं, इथे लागू नाही. घासून होणारी झीज असते, पण ती मामुली. नळी खाते ती आग.

दारू पेटली की आतल्या वायूचं तापमान अडीच ते तीन हजार अंश सेल्सियसच्या घरात जातं. पोलाद वितळतं साधारण १५०० ला. मग नळी वितळून का जात नाही? कारण हा सगळा खेळ एक-दीड मिलिसेकंदाचा. तेवढ्यात आतला अगदी पातळ थर, केसाहून पातळ, भयानक तापतो आणि मागचं थंड पोलाद त्याची उष्णता लगेच ओढून घेतं. म्हणजे तापवलं, विझवलं, तापवलं, विझवलं. लोहार विळ्याला पाणी देतो तेच, पण हजारो वेळा. त्यात वायूतला कार्बन आणि नायट्रोजन त्या थरात मुरतो. थर कडक होतो, ठिसूळ होतो आणि तडकतो. मे महिन्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात हुबेहूब तशा भेगा. पुढच्या बाराला गरम वायू त्या भेगांत घुसतो आणि कडेचे कण उचलून नेतो.

हे सगळ्यात जास्त कुठे होतं? काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढे, जिथे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) सुरू होतात. तिथे दाबही सर्वांत जास्त आणि ताप पण. त्या जागेला इंग्रजीतही घसाच म्हणतात, तेव्हा चहाबाजांचा विनोद शास्त्रशुद्ध आहे. तोंडाकडची अर्धी नळी बहुतेक वेळा नव्यासारखी असते. घसा गेला की गोळी आट्यांत शिरण्याआधी लांबवर मोकळी धावते, थोडी तिरकी शिरते, वायू तिच्या कडेने निसटतो. वेग कमी आणि ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) मोठा. ऑस्टिनकरांना दिसतंय तेच.

चहाबाज
शास्त्रशुद्ध! आजवर या संस्थळावर मला कुणी असं म्हटलं नव्हतं. प्रिंट काढून लावतो.

गणितमास्तर
पुंगळी एकच आणि आयुष्यात एवढी तफावत, याचं उत्तर कागदावर निघतं.

३०८ च्या पुंगळीत काठोकाठ पाणी भरलं तर सुमारे ५६ ग्रेन मावतं, २४३ मध्ये सुमारे ५४. (एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम. सोनाराच्या भाषेत साधारण अर्धी गुंज.) म्हणजे भट्टी जवळपास तेवढीच. आता धुराडं बघा. ३०८ च्या गोळीचा व्यास ७.८२ मिमी, भोकाचं क्षेत्रफळ ४८ चौरस मिमी. २४३ चा व्यास ६.१७, क्षेत्रफळ ३० चौरस मिमी. दर चौरस मिलिमीटरमागे जळणाऱ्या दारूचा हिशेब केला तर २४३ च्या घशावर ३०८ च्या दीडपटीहून थोडा जास्तच भार येतो.

चूल तीच, धुराडं अरुंद. काजळी आणि जाळ कुठे साचणार?

झीज त्याच दीडपटीत वाढत नाही, त्याहून बरीच जास्त वाढते. नेमबाजांचे ढोबळ अंदाज पाहिले तर ३०८ ला पाच हजारांच्या आसपास, २४३ ला दीड ते दोन हजार. मोठी मॅग्नम पुंगळी घेऊन बारीक भोकातून गोळी हाणणारी काही काडतुसं तर हजारभरातच नळी मागतात. २२० स्विफ्ट (१९३५) बिचारं त्याच बदनामीचं धनी.

मुक्काम_ऑस्टिन
मास्तर, दंडवत! म्हणजे ११०० माझ्या आणि आधीच्या मालकाच्या "फार नाही" इतक्या धरल्या तर हिशेब जवळपास जुळतोच की.

गणितमास्तर
अजून एक. गोळी नळीत असते साधारण १.३ मिलिसेकंद. २००० गोळ्या गुणिले १.३ म्हणजे २.६ सेकंद. तुमच्या रायफलने जन्मभरात अडीच सेकंद काम केलं आणि निवृत्त झाली.

वर्धेकर
आमच्या गल्लीतल्या नवीन डांबरी रस्त्यापेक्षा जास्त टिकली म्हणायची.

बाय द वे, मी दहा मीटर एअर रायफलवाला. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, त्यामुळे आमच्या नळ्या सुखरूप.

चंद्रपुरी
आमची २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. नळ्यांवर काय परिणाम झाला ते विचारू नका.

खडकीकाका
मी दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो, सगळी नोकरी तपासणीत गेली. दारूची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

"दारू किती" याइतकंच "दारू कोणती" हेही महत्त्वाचं आहे. धूरविरहित दारूचे मोठे प्रकार दोन. एकात फक्त नायट्रोसेल्युलोज, दुसऱ्यात त्याच्या जोडीला नायट्रोग्लिसरीन. दुसरीत ताकद जास्त, पण जाळही जास्त गरम. ही गोष्ट इंग्रजांनी स्वतःच्या खिशातून शिकली. त्यांचं पहिलं कॉर्डाइट होतं १८८९ चं. ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (हे नायट्रोसेल्युलोजच), ५ टक्के खनिज जेली म्हणजे आपलं व्हॅसलिनच. नळ्या भराभर जायला लागल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या (१८९९-१९०२) सुमारास प्रमाण उलटं केलं आणि नवीन कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन ३० वर आणून गनकॉटन ६५ केलं. जाळ थंडावला, नळ्या जास्त टिकल्या. आपल्याकडे निलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना निघाला तो याच काळात.

त्याआधीची गंमत ऐका. ली-मेटफर्ड रायफलचे आटे उथळ आणि गोलसर होते. काळ्या दारूसाठी ते उत्तम, कारण राख अडकत नाही, पुसायला सोपं. त्याच नळीतून कॉर्डाइट मारायला लागल्यावर ते उथळ आटे धुऊन गेले. म्हणून १८९५ ला खोल, चौकोनी काठांचे एनफिल्ड आटे आले आणि रायफलचं नाव ली-एनफिल्ड झालं. दारू बदलली म्हणून आटे बदलले, आट्यांमुळे नाव बदललं.

मुक्काम_ऑस्टिन, तुम्ही कुठली दारू वापरता त्याचं नाव इथे लिहू नका (संपादक ओरडतील), पण डब्यावर ती दुहेरी, म्हणजे नायट्रोग्लिसरीनवाली, आहे का ते बघा.

मुक्काम_ऑस्टिन
काका, आत्ता गॅरेजमध्ये जाऊन बघितलं. दुहेरीच. "जास्त वेगासाठी" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणून तर घेतली होती.

चहाबाज
देशी सोडून इंग्लिश घेतली आणि तीही डबल.

शाकाहारी_वाघ
संस्थळावर आता हेच बाकी होतं. उद्या तोफ कशी साफ करावी यावर पाककृती विभागात धागा येईल. बंदुकांचं कौतुक करणारे धागे हवेत कशाला?

संपादक_मंडळ
चर्चा खेळ, इतिहास आणि धातुशास्त्राच्या अंगाने चालू आहे, तोवर धागा राहील. कुणीही दारूची नेमकी मापं, मिश्रणं लिहू नयेत. भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावं.

गनर_देवळाली
@शाकाहारी_वाघ, तोफ साफ करायला आठ माणसं आणि एक लांब दांडा लागतो. पाककृती विभागात मावणार नाही.

आता मूळ मुद्दा. दारूचं माप आणि नळीची झीज यांचं नातं आम्हा तोफखानावाल्यांना पहिल्या वर्षीच शिकवतात, कारण तोफेत दारू वेगळी आणि गोळा वेगळा. जवळ मारायचं तर कमी चार्ज (दारूचं माप), लांब मारायचं तर जास्त. त्यामुळे "या नळीतून इतके गोळे गेले" या आकड्याला आमच्याकडे अर्थ नाही. प्रत्येक तोफेची वही असते आणि तीत हिशेब "पूर्ण चार्जच्या बरोबरीचे गोळे" असा ठेवतात. सगळ्यात वरच्या चार्जने मारलेला गोळा एक धरायचा. खालच्या चार्जचा गोळा पावभरही धरत नाहीत. नळी तीच, गोळा तोच, फरक फक्त जाळाचा. ऑस्टिनकर, तुम्ही चार वर्षं सगळे गोळे वरच्या चार्जने मारलेत.

स्वीडिश लोकांनी १९६० च्या दशकात एक छान युक्ती काढली. मेणात टायटॅनियम डायऑक्साइड मिसळून त्याचं अस्तर दारूभोवती लावायचं. बार उडाला की त्याचा थंड थर नळीच्या भिंतीलगत राहतो आणि आगीचा चटका थेट बसत नाही. तोफेच्या नळ्यांचं आयुष्य त्याने कितीतरी वाढलं.

आणि टोकाचं उदाहरण म्हणजे जर्मनांची १९१८ ची पॅरिस गन. सव्वाशे किलोमीटरच्या जवळपास मारा. दारू एवढी की प्रत्येक बाराला नळी आतून मोठी व्हायची. म्हणून गोळ्यांना नंबर घातलेले, प्रत्येक पुढचा गोळा मागच्यापेक्षा किंचित जाड! क्रम चुकला की संपलं. साठ-पासष्ट गोळ्यांनंतर नळी काढून पुन्हा कोरायला पाठवायची.

शंकासूर
म्हणजे पोराला दर सहा महिन्यांनी एक नंबर मोठा बूट, तसंच.

गनर_देवळाली
तंतोतंत.
एक शंका मात्र धातुवेडांना. घासून होणारी झीज मामुली म्हणालात. तोफेच्या गोळ्याला तांब्याचा पट्टा असतो, तो आट्यांत कोरला जातो. आमच्या नळ्यांचे आटे तोंडाकडेही घासलेले दिसायचे. तिथे तर जाळ कमी.

धातुवेडा
मान्य. मी रायफलपुरतं बोलत होतो, सरसकट म्हणायला नको होतं. मोठ्या तोफेत गोळ्याचं वजन आणि पट्ट्याचा दाब वेगळ्याच पातळीवर असतो, तोंडाकडची झीज त्याचीच. रायफलीत तोंडाकडे झीज दिसली तर बहुतेक वेळा गुन्हेगार गोळी नसते, साफ करणारा माणूस असतो. लोखंडी गज तोंडातून घालून खसाखसा घासणारे महाभाग.

सुभेदार९२
जय हिंद. मराठा लाइट इन्फंट्री, बेळगाव. आता कराडजवळ शेती.

धातुवेडा साहेब म्हणतात ते सोळा आणे खरं. आमच्या कोतमध्ये (शस्त्रागारात) उस्तादाचा पहिला धडा तोच. गज नाही, पुलथ्रू. दोरीच्या शेवटी चिंदी, मागून पुढे एका दमात ओढायची, दोरी तोंडाच्या काठाला घासली तर रगडा. एसएलआर रायफल होती तेव्हा. फायरिंगला गेलो की संध्याकाळी पहिलं हत्यार, मग जेवण. उस्ताद नळी आभाळाकडे धरून एक डोळा मिटून बघायचा, आणि आत तिळाएवढा डाग दिसला तर तुमची रविवारची सुट्टी गेली.

दुसरी गोष्ट. दारू, काडतूस सगळं खरं, पण नळी मरते घाईने. एलएमजीला (हलक्या मशीनगनला) जादा नळी का देतात? एक तापली की काढायची, दुसरी लावायची. आम्ही रात्री फायर करायचो तेव्हा नळीच्या पुढे हवा नाचताना दिसायची, नेम धरायला त्रास. त्या नळीतून अजून दोन मॅगझिन मारली तर ती परत कधी सरळ मारत नाही. तीच संख्या दोन दिवसांत सावकाश मारा, काही होत नाही.

ऑस्टिनवाले, तुम्ही कशी मारता? सावकाश की धडाधड?

धातुवेडा
सुभेदार साहेबांनी नेमकं विचारलं. नळी आधीच दीड-दोनशे अंशांवर असेल तर पुढच्या बाराला आतला थर तेवढ्या वरून सुरुवात करतो. मागचं पोलादही गरम, त्यामुळे उष्णता ओढून घेत नाही. म्हणून मशीनगनच्या नळ्यांत स्टेलाइटचं (कोबाल्टचा, तापाला टिकणारा मिश्रधातू) अस्तर घालतात, एके-४७ ला आतून क्रोमचा मुलामा असतो. क्रोम हा तापाला आणि गंजाला दोन्हींना खमका. पण मुलामा कुठे जाड, कुठे पातळ बसतो. म्हणून नेमबाजीच्या नळ्यांना सहसा तो देत नाहीत.

नेमाची_पोर
कोल्हापूरहून. मी ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) करते, म्हणजे .२२.

आमच्याकडे हे दुखणं जवळजवळ नाहीच. .२२ मध्ये दारू चिमूटभर, गोळी शिशाची, वरून मेणाचा हात. एकेका नळीतून चाळीस-पन्नास हजार गोळ्या जातात. माझी रायफल मी एका ताईकडून घेतली, तिने राष्ट्रीय स्पर्धा त्याच नळीवर मारल्या होत्या. आमचा सगळा जीव लॉटवर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या गोळ्यांवर. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्या, पण या लॉटचा ग्रुप दहा पैशांच्या नाण्याएवढा आणि त्या लॉटचा दुप्पट. म्हणून परदेशी जाणारे नेमबाज लापुआ कंपनीच्या शोनेबेकला (जर्मनी) किंवा एली कंपनीच्या बर्मिंगहॅमला आपली नळी घेऊन जातात, शिकंज्यात बांधून एकेक लॉट मारून बघतात आणि जुळला तो लॉट पेट्यांनी घेतात. मुलगी बघायला जावं तसं. (आमच्या आजीचं वाक्य, माझ्यावर येऊ नका.)

तेजस्विनीताई (सावंत) २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेती झाली आणि २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिक ब्राँझ आणलं, तेव्हापासून इथे प्रत्येक पोराला .२२ हवी. त्यांना मी एवढंच सांगते, नळी झिजायची काळजी करू नका, खर्चाची करा.

वर्धेकर
मुलगी बघायला... शिकंज्यात बांधून? आजी डेंजर आहेत.

रानडुक्कर_पीडित
राजापूर तालुका. तुमच्या गोष्टी वाचून हेवा वाटला. पाच हजार गोळ्या! माझ्या आजोबांपासून घरात शेतसंरक्षणाचा परवाना आहे आणि तिघांनी मिळून पाचशे मारल्या नसतील.

आमच्याकडे नळी आगीने मरत नाही हो, पाण्याने मरते. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लोखंडाचं काय! पूर्वी ठासणीची होती. काळ्या दारूची राख नळीत राहिली की ओल धरते आणि दोन दिवसांत आत तांबडं. आजोबा बार झाला की चुलीवरचं आधणाचं पाणी नळीत ओतायचे, फडकं घालायचे, नळी चुलीच्या धगीवर सुकवायचे. मी त्यांच्यापेक्षा शहाणा निघालो आणि नंतरच्या १२ बोरला खोबरेल लावलं. घरचंच, घाण्याचं. चार महिन्यांनी उघडली तर आत पिवळा चिकट डिंक आणि डिंकाखाली गंज. बायको म्हणाली, "केसांना लावायचं ते बंदुकीला लावलंत, आता बंदुकीचं केसांना लावा."

त्यात २०२४ ला दोन निवडणुका. दोन्ही वेळा आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा. परत मिळाली तेव्हा नळीतून आभाळ दिसायच्या ऐवजी कोळ्याचं जाळं दिसलं. पावती मात्र कोरी करकरीत.

खडकीकाका
@रानडुक्कर_पीडित, तुमचे आजोबा शास्त्र जाणत होते. जुन्या काडतुसांच्या दारू पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून नुसतं तेल लावून उपयोग नाही, आधी उकळतं पाणी, मग सुकवणं, मग तेल. गोऱ्या शिपायाला त्यासाठी खास नसराळं मिळायचं. आताच्या टोप्यांत ते मीठ नसतं, पण माळ्यावर सापडलेल्या जुन्या पेटीवर विश्वास ठेवू नये.

आणि शिवणयंत्राचं तेलसुद्धा चालेल, खोबरेल नको.

विदर्भवीर
आमच्याकडे ३१५ रायफल आहे, ऑर्डनन्सवाली. ३०३ हे लष्करी माप आपल्याला ठेवता येत नाही, म्हणून इंग्रजांच्या काळापासून ही वेगळ्या मापाची. तिची नळी किती टिकते?

खडकीकाका
तिचं काडतूस जुन्या ८ मिमी मानलिखेरच्या घराण्यातलं. भोक मोठं, पुंगळी बेताची, वेग मध्यम. मास्तरांच्या धुराड्याच्या हिशेबाने अगदी सुखी संसार. परवान्यावर मिळतात तेवढ्या काडतुसांत तुमचे नातूही ती झिजवू शकणार नाहीत. गंजाची काळजी घ्या, बस.

सुभेदार९२
ऑस्टिनवाले उत्तर देईनात. पोरगं काहीतरी लपवतंय.

मुक्काम_ऑस्टिन
सुभेदार साहेब, पकडलंत. जरा लाजत होतो.

गेल्या वर्षी जुलैत लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. बाहेर ४० अंश. ६०० यार्डांवर लोखंडी पाट्या, गोळी लागली की दीडएक सेकंदाने "टण्ण" असा आवाज परत येतो. त्या आवाजाचं व्यसन लागतं हो. दोन दिवसांत ३०० गोळ्या मारल्या. नळीवर हात ठेवला तर चटका बसत होता, मी ओला टॉवेल गुंडाळून परत मारत होतो. वही आत्ता उघडली, ग्रुप फिस्कटायला सुरुवात झाली ती बरोब्बर त्याच्या पुढच्या महिन्यात.

काल मित्राकडून नळीत घालायचा छोटा कॅमेरा आणला. तोंडाकडून बघत गेलो. पहिली बारा-चौदा इंच आटे लख्ख, मधे मधे तांब्याच्या रेघा. मग जसजसा आत गेलो तसा रंग काळपट. आणि शेवटी घशात, धातुवेडा, तुम्ही म्हणालात तेच आटलेलं तळं. चौकटी चौकटी. आट्यांच्या कडा अशा दिसतात की मुंगळ्यांनी गुळाची ढेप कोरलीय. काडतूस भरताना गोळी आट्यांना कुठे टेकते तेही मोजलं. चार वर्षांपूर्वीच्या नोंदीपेक्षा ती जागा अडीच मिमी पुढे सरकलीय.

सुभेदार९२
ओला टॉवेल!! आमच्या उस्तादाने पिठ्ठू (पाठीवरचं ओझं) लावून मैदानाला दहा फेऱ्या दिल्या असत्या.

शंकासूर
मग दारू अर्धी भरा की राव. अर्धा जाळ, दुप्पट आयुष्य. एवढी चर्चा कशाला?

खडकीकाका
@शंकासूर, हे कुणी वाचून खरंच करेल म्हणून ठामपणे लिहितो: नको. मंद जळणारी दारू मोठ्या पुंगळीत अर्धवट भरली की ती आडवी पसरते, नीट पेटत नाही. कधी गोळी नळीत अडकते. ते कळलं नाही आणि मागून दुसरी मारली तर नळी फुटते. काही वेळा दाब उलट वेडावाकडा चढल्याच्याही नोंदी आहेत. दारू बनवणाऱ्याच्या पुस्तकात खालचा आकडाही दिलेला असतो, वरच्या आकड्याइतकाच तो पाळायचा. त्या दोहोंच्या मधे खालच्या बाजूला राहिलात तरी नळीला पुष्कळ आराम पडतो, आणि वेगात जातं किती? चार-पाच टक्के. हरणाला तो फरक कळत नाही.

पुण्याहून_परखड
काकांशी एका मुद्द्यावर असहमत. नळी ही उपभोग्य वस्तू आहे, गाडीच्या टायरसारखी. स्पर्धेत उतरणारा माणूस वर्षाला एक नळी बदलतो आणि त्यापेक्षा जास्त पैसे दारू-गोळ्यांवर घालवतो. २००० गोळ्यांचा खर्च मांडून बघा, नळी त्यापुढे स्वस्त. टायर झिजेल म्हणून कुणी गाडी ३० च्या वेगाने चालवतं का?

गनर_देवळाली
टायर झिजेल म्हणून नाही चालवत, पण गरम टायरवर ओला टॉवेलही नाही टाकत.

नेमाची_पोर
परखड दादा, टायरचं बरोबर आहे, पण मग सरावाला वेगळे टायर आणि शर्यतीला वेगळे ठेवा. ऑस्टिनदादा, तुम्हाला "टण्ण" ऐकायचंय ना? शंभर यार्डांवर छोटी पाटी लावून .२२ ने ऐका. दिवसभर ऐका. मोठी रायफल महिन्यातून एकदा काढा.

द्वाडपोरगा
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

चहाबाज
याने काय लिहिलं होतं ते मी वाचलंय. घसा, दारू आणि सासरे असा विषय होता. संपादक, तुम्ही आमचा आनंद हिरावताय.

मुक्काम_ऑस्टिन
तर, मूळ प्रश्न. बंदूकवाल्याकडे जाऊन आलो. त्याने दोन पर्याय दिले. एक, घशाकडची दीड इंच नळी कापून पुन्हा काडतुसाचं घर कोरायचं. म्हणजे जुन्या पॅन्टची मोहरी कापून पोराला चड्डी. दुसरा, नवीन नळी. २४३, ३०८ आणि ६.५ क्रीडमूर (२००७ चं) या तिघांच्या पुंगळीचा बुडखा एकाच मापाचा, त्यामुळे बोल्ट बदलायला नको, नुसती नळी बदलली की काम झालं. मास्तर, क्रीडमूरचा धुराड्याचा हिशेब सांगता का?

गणितमास्तर
पुंगळीत पाणी सुमारे ५२ ग्रेन, भोक ३५ चौरस मिमी. ३०८ च्या सव्वापट भार. २४३ ची दीडपट होती. अडीच-तीन हजार गोळ्या सहज, टॉवेल न गुंडाळल्यास.

मुक्काम_ऑस्टिन
मग क्रीडमूरच. मागणी नोंदवली, दहा आठवडे लागतील म्हणाला. दारूचा नवीन डबाही एकेरी आणलाय. मधल्या काळात बायकोने .२२ ला परवानगी दिली, ताईचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा. जुनी नळी तो मला परत देणार आहे. तिचं काय करू?

रानडुक्कर_पीडित
सव्वासहा मिमी भोक, हातभर लांबी, आणि आगीची सवय आधीच आहे. फुंकणी करा.

मुक्काम_ऑस्टिन
आई डिसेंबरात येतेय मिरजेहून. अंगणातल्या शेगडीवर वांगी तीच भाजते. तिच्या हातात देतो.